कानामागचे केस

३ फेब्रुवारी

आज सकाळी रोजच्यासारखा न्हाणीघरातल्या आरशासमोर उभा राहून डोक्यामागची पट्टी तासली. या कानापासून त्या कानापर्यंत, बोटभर रुंद. माझ्या डोक्यावर देवानं तेवढंच पीक शिल्लक ठेवलं आहे आणि तेही मी गेली सव्वीस वर्षं वर येऊ देत नाही. खुंट राहिले की केसांचा टोप कडेनं उचलतो. टोप विकणाऱ्याचाच टोप हलायला लागला तर गिऱ्हाइकानं विश्वास कशावर ठेवायचा, असं आमचे जुने मालक म्हणत. त्यांनीच पहिला टोप माझ्या डोक्यावर बसवला आणि पहिल्यांदा वस्तराही त्यांनीच फिरवला. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि वरचं रान कधीच ओसाड पडलं होतं.

तर पट्टी तासली, टोप चढवला, कडा दाबल्या आणि देवापुढे बसलो. आधी टोप, मग देव. क्रम चुकीचा आहे हे कळतं, पण उघड्या डोक्यानं मला देवापुढेही संकोच वाटतो.

डोळे उघडले तर काडी दारात उभी. माझी मुलगी, तेरा पूर्ण. जन्मली तेव्हा काडीइतकी होती, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तिच्या हातात फणी होती आणि फणीचे दोन दात मोडलेले.

म्हणाली, "बाबा, मला एक टोप करून द्याल? सरळ केसांचा. तुमच्यासारखा."

मी हसलो. ती हसली नाही. मग हळूहळू बाहेर आलं. शाळेत तिला 'घासणी' म्हणतात. भांड्यांची घासणी. वर्षभरात तिचे केस वळत वळत गेले आहेत, हे मला दिसत नव्हतं असं नाही, पण वेणीत बांधलेले असत, मी फारसं लक्ष दिलं नव्हतं. आज मोकळे होते. कानाजवळ तर स्प्रिंगसारख्या गुंडाळ्या.

जाता जाता तिनं विचारलं, "आपल्या घरात असे केस आहेत तरी कुणाचे?"

मी 'बघून सांगतो' म्हणालो. म्हणून ही वही काढली.

४ फेब्रुवारी

उत्तर शोधत होतो. हिचे, म्हणजे बायकोचे, केस सरळ, कमरेपर्यंत. हिच्या आईचेही. माझ्या आईचे सरळ होते, बहिणीचे आहेत. वडिलांच्या डोक्याला कायम कापड गुंडाळलेलं, त्याखाली काय होतं ते कुणी पाहिलं नाही. माझेही सरळ. तिसरीतल्या शाळेच्या फोटोत दिसतात की, तेल लावून चापून बसवलेले. त्यानंतर गावचा न्हावी आम्हा सगळ्या पोरांची डोकी एकाच मशीननं, एकाच दुपारी, मेंढरांसारखी करायचा, त्यामुळे पुढे फोटोत दिसण्यासारखं काही उरलंच नाही.

जेवताना हिला विचारलं, काडी केसांच्या बाबतीत गेली कुणावर? ही माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "कुणावर गेली ते दिसतंय की." तिच्या हट्टीपणाबद्दल बोलत असणार. हट्ट माझाच आहे, ते मान्य.

५ फेब्रुवारी

आज जे केलं ते करायला नको होतं.

काडी वर्षाची झाली तेव्हा तिचे पहिले केस कापले होते. त्यांची पुडी कपाटात हिच्या साड्यांखाली आहे. मी धंद्यानं केस हाताळणारा, असली गोष्ट टाकवत नाही. आज घरी कुणी नसताना ती पुडी काढली आणि मोडक्या फणीत अडकलेले कालचे दोन केस घेतले. खिडकीजवळ बसून दोन्ही तपासले.

मला बोटांनी कळतं. केस चिमटीत धरून चोळला की तो मुळाच्या बाजूला सरकतो, हे आमच्याकडे कालच आलेल्या माणसालाही समजतं. पण केस गोल आहे की चपटा, पोकळ आहे की भरीव, जुडी एका डोक्याची आहे की दोन, हे कळायला वर्षं जावी लागतात. एकदा एका बाईनं दोन मुलींचे केस एका जुडीत बांधून आणले होते. मी डोळे मिटून वेगळे करून दाखवले. मालक म्हणाले होते, माणूस खोटं बोलेल, केस बोलत नाही.

पुडीतला केस तलम, गोल, चिमटीत सरळ फिरणारा. त्यात दम असा नाहीच. फणीतला केस चपटा, जाड, फिरवला की अडखळतो.

हे एका माणसाचे केस नाहीत. दहा वेळा तपासले. दहाही वेळा बोटांनी तेच सांगितलं.

९ फेब्रुवारी

दुकानात मन लागत नाही. जाळीवर एकेक केस आकड्यानं गाठवताना आज तीन गाठी चुकल्या. विणणाऱ्या मावशी माझ्या आधीपासून दुकानात आहेत, त्यामुळे मला अरेतुरे करतात. म्हणाल्या, "अरे, तू विणतोयस की उसवतोयस?"

आठवतंय ते असं. काडी जन्मली त्या दुपारी त्या दवाखान्यात आणखी एक मुलगी जन्मली होती. नर्सबाईंनी माझ्या हातात बाळ दिलं, मग "थांबा थांबा" म्हणून परत घेतलं, आत गेल्या आणि पुन्हा आणून दिलं. मी तेव्हा ही गोष्ट हसत हसत सगळ्यांना सांगायचो. तेरा वर्षं सांगितली. आता सांगवत नाही.

दुसराही एक विचार येऊन गेला. तो इथं लिहिणार नाही. न लिहून काय, ज्याला दिसायचा त्याला दिसलाच असेल.

१३ फेब्रुवारी

जाळी आणायला जातो असं हिला सांगून दवाखान्यात गेलो. जुन्या नोंदींची खोली जिन्याखाली आहे. तिथला कारकून फार सभ्य माणूस निघाला, तेच अवघड झालं. त्यानं खुर्ची दिली, अर्ज दिला, पेनही दिलं. नाव, तारीख, वेळ, सगळं भरलं. शेवटचा रकाना 'नोंद मागण्याचे कारण.'

तिथं पेन थांबलं. काय लिहू? माझी मुलगी माझी आहे का ते बघायचं आहे? हे अक्षरात लिहिलं की ते कागदावर राहणार. उद्या काडीच्या हाती तो कागद लागला तर? आणि नोंदीत गडबड निघालीच, तर मी काय करणार होतो? तेरा वर्षांची मुलगी परत नेऊन देणार होतो, की दुसरी मागून आणणार होतो? जिन्याखाली बसून मला कळलं की दोन्हीपैकी काहीच करणार नव्हतो. मग कशाला आलो होतो?

कारकून म्हणाला, "साहेब, कारण नंतर लिहिलंत तरी चालेल." अर्ज घडी करून खिशात घातला आणि निघालो.

घरी आल्यावर हिनं विचारलं, "मिळाली का जाळी?" मी नाही म्हणालो. ही जरा वेळ बघत राहिली. नंतर कपाट उघडलं तेव्हा पाहिलं, पुडी मी ठेवली होती तिथं नव्हती. साड्यांच्या घडीत नीट आत सरकवलेली होती.

१८ फेब्रुवारी

काडीनं पुन्हा विषय काढला. शाळेत स्नेहसंमेलन आहे, तिला नाटकातून काढून मागे पडदा ओढायला ठेवलं आहे, कारण राजकन्येचे केस असे नसतात. हे बाईंनी ठरवलं की मुलींनी, ते सांगेना. रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी माप घेतो म्हणालो. स्टुलावर बसवून फीत लावली. कपाळापासून मानेपर्यंत, कानापासून कानापर्यंत. हजारो डोकी मापली आहेत, पण हे माप तीनदा घेतलं. मानेवर तिच्या एक खळगा आहे, लहानपणी अंघोळीनंतर त्यात पाणी साचायचं आणि मी बोटानं टिपायचो. तो तिथंच आहे. केस बदलले, खळगा नाही. पण मी केसांचा माणूस ना, खळग्याची साक्ष मानायला तयार नाही.

तिनं विचारलं, "बाबा, टोप घातल्यावर डोकं गरम होतं का?"

मी म्हणालो, सवय होते.

"तुमचं डोकं मी कधी पाहिलंच नाही," ती म्हणाली. खरं आहे. घरात टोप काढला की कानटोपी घालतो.

रात्री विणायला जाळी ताणली नाही, सकाळसाठी ठेवली. सरळ केसांची जुडी मात्र निवडून ठेवली आहे. मनात येतं, हा टोप मी तिच्यासाठी करतोय की माझ्यासाठी? ते केस झाकले गेले म्हणजे मला रोज बघावे लागणार नाहीत.

२६ फेब्रुवारी

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवतो.

त्वचेच्या डॉक्टरबाई आमच्याकडे केस गेलेले पेशंट पाठवतात. एकीचा टोप तयार झाला होता, तो पोचवायला गेलो. दवाखाना रिकामा होता. पुडी आणि फणीतले केस खिशात होते. किती दिवस होते ते सांगत नाही. टेबलावर ठेवले आणि म्हणालो, हे दोन वेगळ्या माणसांचे आहेत, मी धंद्यानं सांगतो, पण एकदा तुम्ही बघा.

त्यांनी यंत्राखाली बघितलं आणि विचारलं, "हे बाळाचे दिसतात. आणि हे?"

मी वय सांगितलं. त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"तुम्ही आजवर लहान मुलांचे केस किती हाताळलेत?"

मी आठवून बघितलं. एकाचेही नाही. मुलांच्या केसांत दम नसतो, गाठ धरत नाहीत, म्हणून आमच्यात ते घेतच नाहीत. माझ्या बोटांनी सव्वीस वर्षांत फक्त मोठ्या माणसांचे केस ओळखले आहेत.

"म्हणजे तुम्ही बी बघून झाडाला खोटं ठरवताय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. केस त्वचेतल्या एका बारीक पिशवीतून उगवतो. पिशवी सरळ असेल तर केस सरळ निघतो, गोल असतो. पिशवी वाकलेली असेल तर केस वळत आणि चपटा होत बाहेर येतो. बाळाच्या पिशव्या लहानशा असतात, त्यातून येणारा केस तलम, मोठ्यांच्या केसात असते तशी आतली पोकळीही त्याला जवळजवळ नसते, इतका साधा. तो झडतो, त्याच जागी दुसरा येतो, मग तिसरा. वयात येताना शरीरातले हार्मोन बदलतात, पिशव्या मोठ्या होतात, काहींच्या वाकतात. आईबापांकडून आलेलं सगळं पहिल्या दिवशीच उघड होत नाही, काही गोष्टी आपल्या वेळेला जाग्या होतात. कुणाचे कुरळ्याचे सरळही होतात. मी विचारलं, मग एकाचे वाकतात आणि दुसऱ्याचे नाही, ते का? त्या म्हणाल्या, ते अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. मला हे बरं वाटलं. ज्याला सगळं माहीत असतं त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

पण माझं डोकं अडलेलंच. म्हणालो, वळण जागं व्हायला आधी आत असायला हवं ना? आमच्या दोन्ही घरांत नाही. हिचे सरळ आहेत, माझेही सरळ.

डॉक्टरबाई माझ्या डोक्याकडे बघत होत्या. "तुमचे? हे?"

"हो."

"हे कुणाच्या डोक्यावर उगवले?"

हे केस मीच निवडले होते, चार वर्षांपूर्वी. परगावच्या एका बाईंचे.

"तुमचे स्वतःचे केस शेवटचे कधी पाहिलेत?"

तिसरीत, असं सांगावं लागलं. बाहेर पडल्यावर रस्त्यात उभा राहिलो आणि कानामागे बोट फिरवलं. गुळगुळीत. सकाळीच तासलं होतं.

२७ फेब्रुवारी

वस्तरा उचलला आणि परत ठेवला.

६ मार्च

टोप ऐकत नाही. आज गिऱ्हाइकाला वाकून नमुना दाखवताना मागची कड उचलली गेली आणि टोप कपाळावर आला. गिऱ्हाईक भला होता, छताकडे बघत बसला. तो गेल्यावर मावशी म्हणाल्या, "तुझा टोप आज रुसलाय वाटतं. माहेरी जायचं म्हणतोय."

मी म्हणालो, काही दिवस असंच चालेल. त्यांनी जास्त विचारलं नाही, पण दिवसभर गालात हसत विणत होत्या. कानामागे आता खरखर लागते. वळण बिळण काही नाही, नुसते खुंट. खुंटाला कसलं वळण? दिवसातून वीसदा हात जातो.

देवाकडे काय मागावं हे कळत नाही. केस कुरळे निघावेत असं मागायला लाज वाटते. न निघाले तर मी काडीचा बाप नाही असं ठरणार आहे का? आज नुसते हात जोडून बसलो.

२१ मार्च

दुपारी घरीच होतो. ही दोरीवरचे कपडे काढून घडी घालत होती, मी कानटोपी काढून डोकं पुसत होतो. एकदम म्हणाली, "वाढवताय होय?"

मी सगळं सांगितलं. पुडी, दवाखाना, अर्ज, डॉक्टरबाई. ही ऐकत होती आणि घड्या घालत होती. शेवटी म्हणाली, "काडी दोन वर्षांची असताना तुम्ही टायफॉइडनं दीड महिना अंथरुणावर होतात, आठवतं? टोप नाही, वस्तरा नाही. मागे केस आले होते. मी रोज स्पंज करायचे. बारीक बारीक गुंडाळ्या होत्या, ओल्या झाल्या की अजूनच आखडायच्या. उठून बसलात आणि पहिली गोष्ट मागितलीत ती वस्तरा."

"मग बोलली का नाहीस?"

"स्वतःच्या डोक्यावर काय उगवतं ते माणसाला माहीत असतं, असं मला वाटलं. मागच्या महिन्यात सांगितलंही, कुणावर गेली ते दिसतंय म्हणून."

दीड महिना. माझी बोटं परक्या बायांच्या जुड्यांत आणि हिची माझ्या कानामागे.

मग तिनं एक टॉवेल दोनदा घडी करून परत उलगडला आणि विचारलं, "माझ्यावर संशय आला होता?"

खोटं बोलता आलं असतं. म्हणालो, "एक दिवस आला होता. बाकीचे दिवस दवाखान्यावर."

कपडे संपले. उशीचा अभ्रा राहिला होता तोही झाला.

"एकच दिवस?"

"एकच."

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुमचा टोप खुंटीला बघितला तेव्हा मीही एक दिवस तुम्हाला लबाड समजले होते," ती म्हणाली. "फिट्टंफाट." आणि घड्यांचा ढीग माझ्या हातात देऊन आत गेली. आतून भांड्यांचा आवाज जरा मोठा येत होता. संध्याकाळपर्यंत कमी झाला.

अर्ज खिशातून काढला आणि फाडला. मला इतकी गाढ झोप बऱ्याच दिवसांत लागली नव्हती.

२ एप्रिल

दोन आरसे धरून बघितलं. आहेत. नखाएवढे लांब, पांढरे-काळे, आणि प्रत्येकजण आपापल्या दिशेनं वळलेला. एक उपटून चिमटीत फिरवला. चपटा. अडखळतो. पन्नाशीला आलेला माणूस आपल्याच केसाला पहिल्यांदा भेटतो, हे कुणाला सांगितलं तर हसेल. मी एकटाच हसलो, मग डोळे पुसले.

काडीच्या मापाची जाळी अर्धी विणून झाली आहे. ती पूर्ण करायची नाही असं ठरवलं होतं, पण तिला काय सांगू? तुझे केस छान आहेत, असं डोक्यावर दुसऱ्याचे केस घेतलेल्या बापानं सांगायचं? आता दुसरंही ठरवलं आहे. दोनदा ठरवून मागे फिरलो. काल तर दारापर्यंत गेलो आणि परत येऊन टोप चढवला.

९ एप्रिल

आज आधी देव. टोप घातलाच नाही, त्यामुळे क्रमाचा प्रश्न उरला नाही. डोकं टेकवलं तेव्हा फरशी थंड लागली. काही मागितलं नाही.

उठलो तर काडी दारात, दप्तर पाठीला. तिनं माझं डोकं बघितलं. मी हलायचं नाही असं ठरवून उभा राहिलो, पण कान गरम झाले. ती माझ्या मागे आली. कानामागचा एक केस दोन बोटांत धरून सरळ ताणला आणि सोडला. तो परत आपल्या जागी जाऊन बसला. पुन्हा ताणला, पुन्हा सोडला. मग आपला एक ताणला आणि सोडला.

"बाबा, हे माझे केस आहेत."

"नाही गं. आधी माझे."

"मग तासत का होतात?"

"मला माहीत नव्हतं."

"रोज आरशात बघून तासत होतात आणि माहीत नव्हतं?"

आतून ही म्हणाली, विचार, विचार, मलाही ऐकायचंय.

मी तिला जाळी दाखवली. म्हणालो, अजून हवा असेल तर आठ दिवसांत होईल, तुझी मर्जी. तिनं ती मुठीवर चढवून बघितली. डॉक्टरबाईंकडे एखादी मुलगी असेल तर तिला द्या, म्हणाली, माझं डोकं गरम होईल. वेणी घातलीच नाही, नुसती एक फीत बांधली.

शाळेपर्यंत बरोबर चालत गेलो. डोक्याला वारा लागतो हे मी विसरलो होतो. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं मला ओळखलं नाही, मग ओळखलं आणि हातातली इस्त्री उभी केली. फाटकाशी तीन-चार मुली उभ्या होत्या. एकीनं काडीला विचारलं, "हे तुझे बाबा?" विचारण्यात जरा हसू होतं.

"दिसत नाही का?" काडी म्हणाली आणि माझं कोपर धरून मला गर्रकन पाठमोरं फिरवलं.

मी शाळेकडे पाठ करून दुकानातल्या नमुन्यासारखा उभा राहिलो. मागे कुणीतरी खुदकन हसलं, काडीही हसली, घंटा झाली. वळून बघितलं तर सगळ्याजणी पळत आत चालल्या होत्या आणि मधल्या एका डोक्यावर सकाळचं ऊन गुंडाळ्यांत अडकलं होतं. माझीच. लांबून ओळखू येते.

तिथून दुकानात गेलो. मावशींनी वर बघितलं आणि आपल्या शेजारचं स्टूल पदरानं पुसून दिलं. मी पिशवीतून माझा टोप काढला, विंचरला आणि खिडकीतल्या लाकडी डोक्यावर चढवला. त्याला बरोबर बसतो.